सतरा घावांचा राक्षस

सूर्य कासराभर वर आला, तरी दशावतारातला राक्षस मरेना! विष्णूने सतरा वेळा गदा हाणली. राक्षस झालेला खालच्या वाडीचा तातू मेस्त्री उभाच. आणि राक्षस पडल्याशिवाय जत्रा उठायची नाही.

“मेल्या, मर रे आता!” पहिल्या रांगेतून वरच्या वाडीचे सरपंच ओरडले.

“डोंगर तुमी खणलात, झरो आमचो आटलो. टाकीचा पाणी खालच्या वाडीत सोडा, मगे मरतंय,” तातू गदेखालून गरजला.

लोक हसले. शेवटी सरपंच उठले आणि जाऊन टाकीची चावी फिरवली. खालून बायकांची आरोळी आली, “इला! पाणी इला!”

 मग तातू असा झोकात कोसळला, की वरच्या वाडीचेच लोक टाळ्या पिटत ओरडले, “परत मर!”

तातूने एक डोळा उघडला. “मरतंय की! अजून दोन वाड्यो तहानलेल्योच आसत.”