अम्मांचा शब्द

मोहरी तडतडली. मृण्मयीने कढीपत्ता, सुकी मिरची आणि उकडलेले हरभरे घातले, वरून ओलं खोबरं भुरभुरलं. चेन्नईच्या या घरात नवरात्रातलं सुंदल दरवर्षी तिच्या सासूबाई, अम्माच करायच्या. यंदा अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती.

देवीला नैवेद्य दाखवून तिने पहिला घास त्यांना भरवला. अम्मांनी सावकाश चावलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ थरथरले.

"राहू दे, अम्मा. दमाल."

त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "उप... उप्पु!"

उप्पु म्हणजे मीठ. नैवेद्य आधी चाखायचा नाही, त्यामुळे ते राहिल्याचं तिला कळलंच नव्हतं.

"मुरली, अम्मा बोलल्या!" नवऱ्याला हाक मारताना तिला रडू फुटलं.

मागून पुन्हा आवाज आला, "उप्पु!" या वेळी खणखणीत, आणि चांगलाच रागावलेला.