पॅनेलवरची मोहफुलं

मोबाइल टॉवरच्या बॅटरीत नऊ टक्के. वारा पडला होता, पवनपंखा थांबला होता. टेकडीखालच्या उपकेंद्रात नर्स फोनवर डॉक्टरांना विचारत रेसूचं बाळंतपण करत होती. बॅटरी संपली की फोन बंद.

सात. भर उन्हात वीज का नाही, म्हणून राखणदार दामज्या सौर पॅनेलांकडे धावला. त्यांवर मोहफुलं वाळत होती. परवानगी त्यानंच दिलेली.

पाच. तो फुलं झाडूनं खाली लोटू लागला.

"माझी पंधरा दिवसांची वेचणी मातीत घालतोस?" हुंताआजीनं झाडू धरला.

"रेसू अडलीय, आजी. फोन चालला पाहिजे."

चार. आजीनं झाडू सोडला. पदरानं काच पुसत म्हणाली, "मग असा हळू काय झाडतोस, लेका?"

तीन.

तीन.

चार.