खाडाखोड

"दहा मिनिटं राहिली," विमलाबाईंनी सांगितलं, आणि प्रमोदिनीच्या टाकावरची शाई तिसऱ्यांदा वाळली.

पाचवीची सहामाही. गणिताचा पेपर. बारा मजूर अठरा दिवसांत विहीर खणतात, तर नऊ मजूर किती दिवसांत? उत्तर इथंच कुठंतरी घुटमळत होतं, पण खात्री नव्हती. आणि खात्री नसताना शाईनं लिहायचं? छे! चौथीपर्यंत बरं होतं. पाटी होती. चुकलं की कुणी बघायच्या आत ओलं फडकं फिरवायचं. डोंबिवलीच्या त्या चिमुकल्या शाळेत चार वर्षं तिचा पहिला नंबर, आणि चार वर्षांत तिची चूक कुणाच्या नजरेला पडली नव्हती. "आमची प्रमोदिनी एकपाठी! चुकणं तिला ठाऊकच नाही," तिचे वडील, भाऊ, आल्यागेल्याला सांगायचे. पूर्वी ऐकून तिला गुदगुल्या व्हायच्या. हल्ली ऐकलं की ती तिथून सटकायची.

शेजारी ठाकुर्लीची तुळसा. बोटं निळी, परकरावर शाईचे डाग. लिही, खोड, पुन्हा लिही. वर्गात ही भलतंसलतं विचारायची, आणि सगळे हसले की आपणही हसायची. काय ही अवदसा, प्रमोदिनीच्या मनात आलं. घंटा झाली. तीन उदाहरणं कोरी ठेवून तिनं पेपर दिला. डाग म्हणून नव्हता त्यावर.

आठवड्यानं पेपर मिळाले. पन्नासपैकी तुळसाला एकतीस. प्रमोदिनीला सतरा.

"अक्षर मोत्यासारखं आहे गं," विमलाबाई म्हणाल्या, "पण कोऱ्या कागदाला मी काय देऊ?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. मधल्या सुट्टीत तिनं तुळसाला पाण्याच्या माठापाशी गाठलं.

"तुला विहिरीचं कसं आलं?"

"आलं कुठं? तीनदा चुकलं. माजं तीनदा चुकतंच, मंग येतं."

"आणि सगळे हसतात त्याचं काय?"

"हसू दे! पेपर काय ते तपासतात?" तुळसा ओंजळभर पाणी प्याली आणि तोंड पुसत पळाली.

घरी जाताना प्रमोदिनीनं थाप मनात घोळवून घोळवून तयार केली: पेपर अजून मिळाले नाहीत, भाऊ. थाप चांगली होती. दारात पाय ठेवेपर्यंत त्या थापेचा तिलाच वीट आला.

संध्याकाळी भाऊ कचेरीतून आले. टोपी खुंटीला लावतानाच त्यांनी हाक दिली, "काय एकपाठी, पहिलीच ना?" प्रमोदिनी जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात वही, उघडी दौत, आणि शेजारी तो सतरा मार्कांचा पेपर, उताणा. भाऊंनी पेपर पाहिला. चेहरा पडला त्यांचा. मग ते वहीवर वाकले. तिथं ताज्या शाईत लिहिलं होतं: साडेतेरा दिवस.

"मजूर कमी, आणि दिवसही कमी? अगं, चुकलंय हे! तुझं?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सवयीनं हात पाटीचं फडकं शोधू लागला. तो तिनं मागं घेतला, टाक शाईत बुडवला आणि साडेतेरावर आडवी रेघ मारली.

"हो, भाऊ," ती म्हणाली. "अजून दोनदा चुकेल. मग येईल."