डझनातली शेवटची बांगडी

“आधी माझ्याच हातात एवढ्या भरते, मग करा तुमचं काम,” हौसाबाई कासारीण म्हणाली आणि तिनं पिशवीतून डझनभर हिरव्या बांगड्या काढल्या.

डॉ. मिरीकर थांबल्या. पक्षाघातानं लहान मेंदू निकामी झाल्यापासून हौसाबाईचे हात कानामागची चकती चालवत होती. पण ती किंचित मागे पडे. गेल्या आठवड्यात बांगडी भरताना फुटली आणि एका नवरीचं मनगट चिरलं. आज तो उशीर कायमचा काढायचा होता.

“या उशिराची एक गंमत आहे बघा,” हौसाबाई म्हणाली. “माझाच हात मला दुसऱ्याचा लागतो.”

“लागणारच. आपण स्वतःला हात लावतोय, हे लहान मेंदू आधीच कळवतो. म्हणून तर स्वतःच्या हातानं गुदगुल्या होत नाहीत. तुमची चकती ते वेळेवर कळवत नाही.”

“सगळ्या गावाला मी भरते. मला भरणारी एकटी आई होती, तिला जाऊन वीस वर्षं झाली.” डावा हात सैल सोडून, उजव्यानं त्यात बांगडी सरकवत तिनं डोळे मिटले. “अंगठ्याच्या बुडाशी ती अस्संच दाबायची.”

दोन बांगड्या फुटल्या, नऊ चढल्या. शेवटची हातात घेऊन ती नुसतीच बसून राहिली.

“राहू द्यायचं का?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“नको. परवा अजून एका पोरीचा चुडा भरायचाय.”

डॉक्टरांनी चकतीला यंत्र टेकवलं. क्षणात काम झालं.

शेवटची बांगडी न अडखळता मनगटावर गेली. हौसाबाई तिच्याकडे बघत राहिली. ही मात्र तिची तिनंच भरली होती.