चार मिनिटांची चपळाई

‘भोंगा वाजताच चारशे जण चार मिनिटांत इमारतीबाहेर पडले,’ असे विद्यापीठाच्या सुरक्षा व्यवस्थापन विभागाचा अग्निसराव-अहवाल सांगत होता.

सरावात स्वतः सामील असलेल्या यामिनी ढवळीकरने पदव्युत्तर प्रबंधात या चपळाईला दाद देत अहवालातलेच छायाचित्र मोठे करून छापले. त्यात मैदानावर सारे वडे खात होते. मागच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते. भोंगा अकराचा होता.

तोंडी परीक्षेत समोर अहवालाचे लेखक, विभागप्रमुखच होते. पदवी त्यांच्याच सहीवर अवलंबून होती.

“ढवळीकर, घड्याळ मागे असेल.”

“सर, त्याच घड्याळावरून उशीर ठरवून तुम्ही मला दोनदा वर्गाबाहेर काढलंत.”

बाह्य परीक्षकांना हसू आवरेना. सरही हसले आणि ‘अ’ श्रेणीखाली त्यांनी शेरा लिहिला:

“भोंगा वाजला तेव्हा आम्ही वडे खात होतो, नियमाप्रमाणे जिना उतरली ती एकटी हीच.”