एक इथे ठेवा

साहेब, तुम्ही एक घर फोडलंत. काचेमागे बसून, पेनाचं टोपण चावत, एका वाक्यात फोडलंत आणि लगेच पुढच्याला हाक मारलीत. तुम्हाला तो माणूस आठवणारही नाही. म्हणून सांगावं लागतंय.

तो काचा बसवणारा. दुकानांच्या दर्शनी काचा, दवाखान्यांची दारं, असलं काम. त्यामुळे व्हिसाच्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर त्याने तुमच्याआधी तुमची काच पाहिली. चांगली जाड होती. अलीकडे दिव्यांचा लखलखाट आणि पलीकडे तुमच्या टेबलावर एकच मिणमिणता दिवा.

“उजेड सगळा आपल्या बाजूला ठेवलाय येड्यांनी,” तो बायकोच्या कानात कुजबुजला. “साहेब राहिला बाजूला, आपलीच थोबाडं दिसतायत.”

“गप्प बसा हो. ऐकतील ना.”

दोन्ही मुलं पुढे, काचेकडे तोंड करून उभी होती. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. सहल आखली होती थोरलीने. तिचा मामा त्या देशात ट्रक चालवतो. देश एवढा अवाढव्य की मामाच्या घरून समुद्र गाठायला तीन दिवस लागतात. हे ऐकल्यावर धाकट्याने फोनवरच विचारलं होतं, “मग मामा, शू लागली की कुठे थांबतोस?” त्या दिवसापासून थोरली कामाला लागली. भिंतीवर नकाशा चिकटवला, टाचण्या टोचल्या, टाचणीपासून टाचणीपर्यंत आईच्या शिलाईचा लाल दोरा ओढला. इथे तळं, इथे वाळवंट, इथे अस्वलं. अस्वलांपाशी मामाच्या गाडीतून उतरायचं नाही, हा नियमही तिचाच. विमानात खिडकी कोणाची, यावरून दोघांत बोचकारण्यापर्यंत गेलं. शेवटी तोडगाही तिनेच काढला. जाताना खिडकी त्याची, येताना तिची.

तुम्ही कागद चाळलेत.

“सगळं घर एकदम निघालं की परत येत नाही,” तुम्ही म्हणालात. “आमचा अनुभव आहे. एक मूल न्या, एक इथे ठेवा. मग बघू. कोणतं ठेवायचं, ते तुम्ही ठरवा.”

तुम्ही पुन्हा पेनाचं टोपण चावलंत. मग काचवाल्याचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला.

“पोरं आहेत साहेब, सामान नाही! जाऊ तर चौघं जाऊ, नाहीतर कोणीच नाही.”

“मग कोणीच नाही,” तुम्ही म्हणालात आणि शिक्का हाणलात.

खाली रस्त्यावर येईपर्यंत त्याची छाती फुगली होती. “बरं झालं, तोंडावर बोललात,” बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. त्याने ती गोष्ट कारखान्यात सांगितली, चहावाल्याला सांगितली, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला सांगितली. शेजाऱ्यापर्यंत येता येता साहेब खुर्चीतून उठून माफी मागायला लागला होता. मामाचा फोन आला. “भाऊजी, मानलं तुम्हाला,” तो म्हणाला. सहल हुकली होती, पण घरात एक बाप मोठा झाला होता. एवढं तरी पदरात पडलं, असं नवराबायकोला वाटत होतं.

साहेब, इथपर्यंतचं पाप तुमच्या माथी.

संध्याकाळी ताटं वाढली, तेव्हा थोरली नकाशातल्या टाचण्या काढत होती. दोरा बोटाला गुंडाळत होती. धाकटा तिच्या पायाशी बसून मुसमुसत होता.

“रडू नको रे,” ती त्याला म्हणाली. “पुढच्या वर्षी परत विचारतील. तेव्हा दोन्ही वेळा खिडकी तुझी.”

“आणि तू?”

“मी इथे असेन ना. कोणीतरी राहायला लागतं.”

आईच्या हातातली पळी थांबली. काचवाला हसला. उठून तिच्यापाशी गेला, डोक्यावर टपली मारली. “अगं खुळे, तुझा बाप काय म्हणाला ते ऐकलंस ना? चौघं, नाहीतर कोणीच नाही.”

“ऐकलं. ते तुम्ही नंतर म्हणालात.”

“नंतर म्हणजे?”

“साहेब म्हणाला एक ठेवा. तेव्हा तुम्ही आधी खाली बघितलंत. आईनेही बघितलं.” तिने शेवटची टाचणी उपसली. “मला साहेब दिसतच नव्हता, बाबा. तुम्हीच दिसत होतात.”

कोणत्या उजेडात काचेचा आरसा होतो, हे काचवाल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती ताटात बघत होती. त्या क्षणी, त्या खिडकीपाशी, दोघांनी एकमेकांना काही विचारलं नव्हतं. विचारावं लागलंच नव्हतं.

“दोघांनीही माझ्याकडेच बघितलंत,” थोरली म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, तिला जवळ तरी घेता आलं असतं. “धाकट्याकडे कोणीच नाही बघितलं. मी मोठी म्हणून, की मुलगी म्हणून?”

धाकटा मुसमुसायचा थांबला. तोही आता आईबापाच्या तोंडाकडे बघत होता.

“जेवून घे बाळा,” आई म्हणाली. “गार होतंय.”

“जेवते,” थोरली म्हणाली. “आधी सांगा.”