हिचा हात नको

पाठीवरची गाठ कापून घ्यायला पालथं पडण्याआधी अप्पासाहेबांनी सिस्टरचं आडनाव विचारलं. ते ऐकताच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हिचा हात नको लागायला. तुम्ही एकट्याच करा."

गाठ पिकली होती, थांबून चालणार नव्हतं. सिस्टर हातमोजे काढून बाहेर गेली. जखमेच्या कडा ताणून धरायला कुणी उरलं नाही, म्हणून डॉक्टरांनी कडांतून दोरे ओवले आणि दोऱ्यांना जड चिमटे टांगले. पिवळट, कुजका लगदा ट्रेमध्ये ओघळला. पुवाची किळस त्यांना कधीच आली नव्हती. आज मात्र त्या कातडीला हात लावणंही नकोसं वाटत होतं.

पट्टी झाल्यावर अप्पासाहेब नाक दाबत उठले. "शी! काय घाण ही! उचलायला बोलवा तिला."

डॉक्टरांनी ट्रे त्यांच्याच हातात ठेवला.

"तिचा हात नको ना लागायला? मग धरा."